जुनी मोटारसायकल आणि नवा स्वार



मोटारसायकल ही गोव्यात चैनीची वस्तू राहिलेली नाही, याला आता बराच काळ लोटला. पिवळ्या मडगार्डाचा पायलट बसस्थानकावर उतारूची वाट पाहत उभा असतो तो याच वाहनावर. सत्तरी, सांगे, काणकोण अशा तालुक्यांतील आडगावी नेमणूक झालेल्या शिक्षकाला, ग्रामसेवकाला किंवा परिचारिकेला सायंकाळची शेवटची बस चुकली तर दुसरा आधार तोच. बेळगावी शिकणारा मुलगा सणासुदीला चोर्ला घाट उतरून घरी येतो तोही पुष्कळदा मोटारसायकलीवरून. आणि यांपैकी अनेकांची पहिली गाडी नवी कोरी नसते. कोणाची तरी वापरून झालेली असते.

यात कमीपणा मानण्याचे काही कारण नाही. मात्र नवी गाडी घेणाऱ्यास कंपनीची पुस्तिका मिळते, पहिल्या काही सर्व्हिसिंगची कुपने मिळतात. जुनी गाडी घेणाऱ्यास बहुधा आदल्या मालकाचे तोंडी आश्वासन तेवढे मिळते. गाडीही जुनी आणि स्वारही नवखा, हा योग काहीसा अवघड असतो. सरावलेल्या माणसाला ब्रेक सैल झाल्याचे पायाला कळते, चेन ढिली झाल्याचे कानाला कळते. नवख्याला गाडीचा नेहमीचा आवाज कोणता हेच ठाऊक नसते, मग बदललेला आवाज त्याला कसा उमगावा? म्हणून त्याने डोळ्यांनी पाहून, हाताने चाचपून आणि पट्टीने मोजून कळेल तेवढे आधी शिकून घ्यावे.

कागदपत्रांचा विषय थोडक्यात उरकता येईल, परंतु तो वगळता येणार नाही. गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला चासी क्रमांक आणि इंजिनावरील क्रमांक नोंदणीपुस्तकाशी ताडून पाहावेत. नोंदणीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरविल्याचे पत्र मागावे. मालकी बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० भरावे लागतात. गाडी बेळगावहून, म्हणजे कर्नाटकाच्या नोंदणीची घेतली असेल, तर तेथील परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते, आणि बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ ती येथे राहणार असेल तर येथील नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेली, पर्यटकांना भाड्याने दिली जाणारी गाडी खासगी वापरासाठी घ्यावयाची तर नोंदणीचा प्रकारही बदलून घ्यावा लागतो. नोंदणीला पंधरा वर्षे होत आली असतील तर नूतनीकरणाची तपासणी जवळ आली आहे हे ध्यानात ठेवूनच किंमत ठरवावी. विमा चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज करावा. 'पुढच्या महिन्यात करू' असे म्हणता म्हणता वर्ष जाते, आणि अपघात झाला म्हणजे मग आदला मालक, नवा मालक आणि विमा कंपनी असे तिघे एकमेकांकडे बोट दाखवू लागतात.

गाडी घरी आल्यावर पहिली शंका घ्यावी ती किलोमीटरच्या आकड्याची. मीटरची वायर तुटून तो वर्षभर बंद राहिलेला असू शकतो. कोणी तो मुद्दाम मागेही फिरविलेला असतो. पायाखालचे रबर, गियरच्या दांड्याचे टोक आणि ब्रेकच्या पेडलवरील खाचा मात्र सहसा खोटे बोलत नाहीत. मीटर बारा हजार दाखवितो आणि पेडलवरील खाचा झिजून गुळगुळीत झाल्या आहेत, तर पेडलावर विश्वास ठेवणे शहाणपणाचे. दुसरे असे, की आदल्या मालकाने तेल केव्हा बदलले याची चौकशी करीत बसू नये. पहिल्याच आठवड्यात इंजिनचे तेल बदलावे, त्याचा खर्च गाडीच्या किंमतीतच धरावा आणि त्या दिवसापासून एका वहीत तारीख व किलोमीटर लिहीत जावे.

तेलाविषयी गैरसमज फार आहेत. चारचाकीचे तेल अधिक महाग म्हणून अधिक चांगले, अशी एक समजूत आढळते. भारतातील बहुतेक मोटारसायकलींचा क्लच इंजिनच्या तेलातच बुडालेला असतो. चारचाकीच्या काही तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये मिसळलेली असतात. ती क्लचच्या प्लेटांवर बसली की क्लच घसरू लागतो. इंजिन ओरडते, गाडी मात्र ओढत नाही. म्हणून डब्यावर 'जेएएसओ एमए' किंवा 'एमए२' ही खूण असलेले, मोटारसायकलीसाठीच बनविलेले तेल घ्यावे, आणि १०डब्ल्यू-३० की २०डब्ल्यू-४० हे पुस्तिकेत पाहून ठरवावे. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीत साधारणतः पाऊण ते एक लिटर तेल मावते. एवढ्या थोड्या तेलावर सारे इंजिन अवलंबून असते. त्यातले पाव लिटर जळून गेले तरी बाहेरून काही कळत नाही.

तेल मोजण्याची रीत अशी. गाडी सपाट जागेवर मधल्या स्टँडवर सरळ उभी करावी. साइड स्टँडवर कललेल्या गाडीचे माप खोटे येते. इंजिन दोन-चार मिनिटे चालवून बंद करावे आणि तेल खाली उतरेपर्यंत थोडे थांबावे. मग पट्टी पुसून पुन्हा घालून काढावी. बहुतेक गाड्यांत ती आट्यांत न फिरविता नुसती टेकवून माप घ्यावयाचे असते. काही गाड्यांना पट्टीऐवजी बाजूला काचेची खिडकी असते. तेल दोन खुणांच्या मध्ये असावे. काळे पडलेले तेल पाहून घाबरण्याचे कारण नाही, तेल काळे पडतेच. परंतु ते चहात दूध घातल्यासारखे दिसू लागले तर आत पाणी गेले आहे हे नक्की समजावे, आणि ती गाडी त्या तेलावर एक किलोमीटरही चालवू नये. तेल बदलताना खालचा बोल्ट जोर लावून आवळण्याची हौस अनेकांना असते. इंजिनचे आवरण ॲल्युमिनियमचे आणि बोल्ट पोलादाचा. आटे जातात ते ॲल्युमिनियमचे, आणि वीस रुपयांच्या वॉशरने भागले असते तेथे आवरण दुरुस्त करण्याची पाळी येते.

यानंतर चेन. जुन्या गाडीत हा भाग सर्वांत उपेक्षित असतो, कारण प्रवासी मोटारसायकलीत तो बहुधा बंद पत्र्याच्या आड लपलेला असतो. पत्र्याच्या खालच्या अंगास रबराचे एक बूच असते; ते काढले की चेन दिसते. गाडी मधल्या स्टँडवर, गियर न्यूट्रलमध्ये आणि इंजिन पूर्ण बंद. बंद म्हणजे बंदच. चालू इंजिनात, गियर टाकून फिरणाऱ्या चेनला तेलाचे फडके लावताना बोटे गमावलेली माणसे गॅरेजांतून भेटतात. दोन चक्रांच्या मध्यावर चेन बोटाने वर-खाली करून पाहावी. एकूण हालचाल अडीच-तीन सेंटिमीटर असावी. नेमका आकडा पुस्तिकेत असतो. मग चाक थोडे फिरवून पुन्हा मोजावे, असे चार-पाच ठिकाणी. जुनी चेन सगळीकडे सारखी ताणलेली नसते. जेथे ती सर्वांत घट्ट लागेल तेथले माप धरावे.

चेन जितकी घट्ट तितकी चांगली, असे नवख्यास वाटते. स्वार बसला, मागे कोणी बसले, खड्डा आला की मागचे चाक वर-खाली होते आणि त्याबरोबर चेन ताणली जाते. तेवढ्यासाठी तिला ढील दिलेली असते. ती ढील काढून घेतली तर ताण चेनवर, चाकाच्या बेअरिंगवर आणि गियरपेटीतून बाहेर आलेल्या दांड्याच्या बेअरिंगवर पडतो. उलट फार ढिली चेन दात्यांवरून उडते, आणि उडून चाकात अडकली तर मागचे चाक चालत्या गाडीत जागच्या जागी थांबते.

ताण देण्यासाठी मागच्या चाकाचा मोठा नट सैल करून दोन्ही बाजूंचे स्क्रू सारखे फिरवावयाचे असतात. दोन्ही बाजूंना खुणा असतात. डावीकडे जितव्या खुणेवर, उजवीकडेही तितव्याच खुणेवर चाक आले पाहिजे, नाही तर ते तिरके धावते आणि टायर एका कडेने झिजतो. येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. चेन ताणताना मागचे चाक थोडे मागे सरकते. ड्रम ब्रेकच्या गाडीत त्यामुळे मागच्या ब्रेकचे मापही बदलते. अर्ध्या तासाची मेहनत करून चेन नीट करावयाची आणि ब्रेक न पाहता रस्त्यावर निघावयाचे, ही चूक घरी काम करणाऱ्यांत वारंवार दिसते. चेन झाली की मोठा नट आवळावा, मग ब्रेकच्या सळईचा नट फिरवून पेडलची ढील नीट करावी, आणि पेडल दाबल्यावर मागचा लाल दिवा लागतो की नाही हेही पाहावे.

चेन जोडणाऱ्या कडीवर एक छोटी क्लिप असते. तिचे बंद टोक चेनच्या धावण्याच्या दिशेकडे असावयास हवे. उलट बसविलेली क्लिप निसटू शकते. वंगणासाठी एसएई ९० प्रतीचे गियर ऑइल चांगले. चेन रॉकेलच्या फडक्याने पुसून मगच ते लावावे; मातीवर तेल ओतले तर घासण्याची लेपी तयार होते. रबरी कड्या असलेल्या चेनला पेट्रोल लावू नये. चक्राचे दाते एका बाजूला वाकून माशाच्या गळासारखे झाले असतील तर नुसती चेन बदलून भागत नाही. चेन आणि दोन्ही चक्रे एकदमच बदलावीत, कारण झिजलेले दाते नवी चेन काही महिन्यांतच खातात.

ब्रेकविषयी घाईने बोलून चालणार नाही. पुढचा ब्रेक लावला की गाडी उलटते, या भीतीने पुष्कळ नवे स्वार तो वापरतच नाहीत. त्यातून पुढे असे होते, की जो ब्रेक वापरला जात नाही त्याची वायर गंजते आणि हवा असेल त्या क्षणी तो लागत नाही. वास्तविक थांबताना गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो आणि थांबविण्याचे बरेचसे काम पुढचा ब्रेकच करतो. दोन्ही ब्रेक एकत्र, हळूहळू जोर वाढवीत लावण्याचा सराव मोकळ्या मैदानावर करावा. ड्रम ब्रेकच्या पट्टीवर एक बाण असतो. ब्रेक पुरता दाबून धरला असता तो बाण ड्रमवरच्या खुणेशी पोहोचला, तर आतले लायनर संपले असे समजावे; मग सळईचा नट कितीही आवळला तरी उपयोग नाही, उलट धोका झाकला जातो. लायनर बदलताना ड्रममधील धूळ तोंडाने फुंकून काढू नये. ओल्या फडक्याने पुसावी. डिस्क ब्रेक असेल तर हँडलवरील छोट्या डबीतील द्रवाची पातळी पाहावी. हा द्रव हवेतील ओलावा शोषून घेतो. आपल्या दमट हवेत तर तो विशेष लवकर खराब होतो, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलून घ्यावा. डबीच्या झाकणावर डीओटी ३ की डीओटी ४ हे लिहिलेले असते, तेच वापरावे. पातळी एकाएकी खाली गेली तर पॅड झिजले आहेत किंवा कोठे तरी गळती आहे; नुसती डबी भरून निश्चिंत होऊ नये. डिस्क ब्रेक उघडून बसविण्याचे काम नवख्याने मुळीच अंगावर घेऊ नये.

टायरच्या बाजूवर चार अंकांचा एक शिक्का असतो. २३१९ असे असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. नक्षी भरपूर शिल्लक, पण बाजूला बारीक भेगा पडलेल्या, असा टायर जुन्या गाडीत फार आढळतो. गाडी वर्षानुवर्षे उन्हात उभी राहिल्याचे ते लक्षण. नक्षीची खोली ०.८ मिलिमीटरच्या खाली गेलेला दुचाकीचा टायर कायद्यानेही चालत नाही, आणि पावसात तर त्याच्या कितीतरी आधीच तो बदलावा. हवेचा दाब आठवड्यातून एकदा, टायर थंड असताना पाहावा. हलक्या गाड्यांत तो साधारणतः पुढे २५ आणि मागे २८ पौंडांच्या आसपास असतो, मागे कोणी बसणार असेल तर मागचा अधिक. नेमका आकडा गाडीवरील चिठ्ठीत असतो. पंक्चरवाल्याच्या अंगठ्याला दाब कळतो हे खरे मानू नये. आरे असलेल्या चाकात स्क्रूड्रायव्हरच्या दांड्याने एकेक आरा वाजवून पाहावा. सैल आऱ्याचा आवाज बद्द येतो.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. क्लचच्या दांड्याला टोकाशी एक-दोन सेंटिमीटर ढील असावी. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावे. वळविल्यावर इंजिनचा वेग आपोआप वाढला तर ॲक्सिलरेटरची वायर ओढली जात आहे, आणि मध्यभागी हँडल खाचेत बसल्यासारखे अडले तर कोनसेट गेला आहे. साध्या बॅटरीत विहिरीचे किंवा नळाचे पाणी घालू नये, शुद्ध केलेले पाणी वरच्या खुणेपर्यंत घालावे. बॅटरी काढताना आधी ऋण टोक सोडावे आणि बसविताना ते शेवटी जोडावे. उडालेल्या फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळणे म्हणजे गाडीला आग लावण्याची सोय करून ठेवणे होय. प्लगचे टोक फिकट तपकिरी असले तर इंजिनचे बरे चालले आहे. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल अधिक किंवा एअर फिल्टर तुंबलेला, आणि तेलकट काळेपणा असेल व सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल तर तेल जळते आहे. शेवटच्या बाबतीत दुसऱ्या जाणकाराचा सल्ला घ्यावा, कारण खर्च मोठा असतो. लाल मातीच्या रस्त्यावरून रोज जाणाऱ्याने एअर फिल्टर पुस्तिकेतील मुदतीपेक्षा लवकर पाहावा. कागदी फिल्टर पेट्रोलने धुऊ नये.

पेट्रोलही पूर्वीचे राहिलेले नाही. २०२५ पर्यंत देशातील बहुतेक पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आले. इथेनॉल पाणी ओढून घेते. गाडी पावसाळ्यात महिना-दोन महिने अर्ध्या टाकीने उभी राहिली तर टाकीच्या तळाशी पाणी साचून गंज धरण्याचा संभव असतो. जुन्या गाडीतील पेट्रोलच्या रबरी नळ्या वाकवून भेगा पडल्या आहेत काय ते पाहावे. नळी स्वस्त आहे. कार्बोरेटरची गाडी अधिक दिवस उभी ठेवावयाची असेल तर कार्बोरेटरच्या वाटीतील पेट्रोल खालचा स्क्रू सैल करून काढून टाकावे. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत टाकी तळाला जाऊ देऊ नये, कारण तिचा पंप पेट्रोलात बुडूनच थंड राहतो.

आता पाऊस. पणजीला वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. मृगाच्या पहिल्या सरीत रस्त्यावर महिनोन् महिने साचलेले तेल आणि धूळ वर येते. तो अर्धा तास सर्वांत निसरडा. साचलेल्या पाण्यातून गाडी न्यावी लागली तर बाहेर आल्यावर हलके ब्रेक लावीत थोडे अंतर जावे, म्हणजे ड्रममधील ओल निघून जाते. पाणी एअर फिल्टरच्या उंचीपर्यंत गेले आणि गाडी बंद पडली, तर ती पुन्हा चालू करण्यासाठी किक मारू नये आणि बटणही दाबू नये. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरविले तर आतला दांडा वाकतो. ती ढकलीत कोरड्या जागी आणावी, प्लग काढावा, फिल्टर व तेल पाहावे. किनाऱ्यालगत राहणाऱ्यांना आणखी एक काम असते. खाऱ्या वाऱ्याचा थर गाडीवर बसतो. तो आठवड्यास गोड्या पाण्याने धुऊन काढावा. मात्र जोराच्या फवाऱ्याने चाकाच्या बेअरिंगवर, चेनवर किंवा दिव्यांवर पाणी मारू नये, आणि धुतल्यावर चेनला पुन्हा तेल द्यावे.

चोर्ल्यासारखा घाट उतरताना इंजिन बंद करून पेट्रोल वाचविण्याची खोड काहींना असते. त्यात पेट्रोल थोडे वाचते आणि सारा भार ब्रेकवर पडतो. सतत घासून तापलेला ब्रेक पकड सोडतो. ज्या गियरने चढावे, साधारण त्याच गियरने उतरावे.

या सर्वांसाठी फार हत्यारे लागतात असे नाही. गाडीबरोबर येणारी पिशवी, हवेचा दाब मोजण्याचे एक यंत्र, एक चांगला प्लगपाना, फीलर गेज, रॉकेलचे फडके आणि तेलाची बुधली एवढ्यावर वर्ष निघते. जे काम जमणार नाही ते मेकॅनिककडे न्यावे, पण 'सगळे बघून घ्या' असे मोघम न सांगता काय झाले आहे ते सांगावे: तिसऱ्या गियरमध्ये इंजिन ओरडते, पेडल दाबल्यावर कर्र आवाज येतो, किलोमीटर इतके झाले. वही बरोबर न्यावी. बदललेला जुना भाग परत मागावा. चांगला मेकॅनिक त्याचा राग मानीत नाही. शाळेत विज्ञान शिकविणाऱ्यांनी असा झिजलेला लायनर किंवा चक्र वर्गात नेले तर घर्षणाचा धडा मुलांना हातात धरता येईल.

राहता राहिले ते काढलेले काळे तेल. ते माडाच्या बुंध्याशी ओतण्याची चाल काही ठिकाणी दिसते, वाळवी लागत नाही म्हणून. आपल्या जांभ्या जमिनीत खाली गेलेले काहीही विहिरीपर्यंत पोहोचण्यास वेळ लागत नाही. तेल रिकाम्या डब्यात भरून, झाकण घट्ट लावून गॅरेजवर पोहोचते करावे; तेथे जुन्या तेलाचे पिंप असते आणि ते नेणारा व्यापारी येऊन जात असतो.